शाई सांडलेला नकाशा : ग्रहणाची छाया कुठून जाणार हे आधी सांगणारे लोक

वाळूचं_घड्याळ (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात एका जुन्या नकाशाची प्रत मोठ्या कागदावर छापून घेतली आणि फ्रेम करायला दिली. दोन दिवसांनी फ्रेमवाल्याचा फोन. "काका, ह्याच्यावर शाई सांडलीय. दुसरी प्रत असेल तर आणून द्या, नाहीतर काच फुकट जाईल." म्हटलं, बाबा रे, त्या शाईसाठीच तर फ्रेम करतोय.

नकाशा इंग्लंडचा. नैर्ऋत्येच्या टोकापासून ईशान्येच्या किनाऱ्यापर्यंत एक राखाडी पट्टा तिरका गेलाय आणि त्या पट्ट्याच्या मधोमध एक काळाकुट्ट लांबट गोळा बसलाय. तो गोळा म्हणजे चंद्राची छाया. पट्टा म्हणजे ती छाया सरकत जाईल ती वाट. मधल्या रेषेवर ठिपके, कुठल्या मिनिटाला छायेचा मध्य कुठे असेल ते दाखवणारे. तारीख २२ एप्रिल १७१५. काढणारा एडमंड हॅली, धूमकेतूवाला. तो तेव्हा ऑक्सफर्डला भूमितीचा प्राध्यापक होता. छापून विकणारा लंडनचा जॉन सेनेक्स. हा कागद ग्रहणाच्या आधी दुकानात विकायला आला, लोकांनी पैसे देऊन घेतला आणि ठरल्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास लंडनला खरोखर अंधार झाला.

(विकीवर ३ मे दिसेल. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, म्हणून नकाशावर २२ एप्रिल. ग्रहण एकच.)

ग्रहण कधी होणार हे सांगणं तोवर जुनं झालं होतं. आपल्याकडेही, तिकडेही. इथे प्रश्न वेगळा आहे. अख्ख्या देशाच्या नकाशावर रेघ ओढून "ह्या गावाला पूर्ण अंधार, शेजारच्या गावाला नाही" असं आधी छापायचं आणि खाली स्वतःचं नाव घालायचं. चुकलं तर शेंबडं पोरही बोट दाखवणार.

आणि चुकलंच. वेळ चारेक मिनिटांनी हुकली, पट्ट्याची कड वीसेक मैलांनी.

मला हा नकाशा आवडतो तो खालच्या मजकुरासाठी. त्यात हॅली आधी राजकारण उरकतो. पहिला जॉर्ज गादीवर येऊन वर्षही झालं नव्हतं, गादीवर दुसऱ्याचा हक्क सांगणारे टपून होते, आणि भर सकाळी दिवे लावायची वेळ आली तर लोक म्हणणार राजाला अपशकुन झाला. तर बाबांनो, हे सूर्यचंद्राच्या गतीने होतंय, ह्यात राजाचा काही संबंध नाही, घाबरू नका. हे झालं सरकारी काम. त्यानंतर शेवटी एक टीप आहे. ज्यांना हौस आहे त्यांनी पूर्ण अंधार किती वेळ टिकला हे काळजीपूर्वक मोजावं, त्यावरून छायेची जागा आणि आकार नीट ठरवता येईल आणि पुढच्या वेळी आज सांगतोय त्याहून अचूक सांगता येईल. आज तसं सांगता येत नाही, कारण अशी मोजमापंच आपल्याकडे नाहीत. भाव असा आहे, शब्द माझे.

म्हणजे भविष्य सांगणारा माणूस भविष्याच्याच कागदावर लिहितोय की माझं इथे चुकू शकतं, तुम्ही मोजा आणि कळवा. मला तरी ह्याच्या आधीचं असं उदाहरण ठाऊक नाही. कुणाला ठाऊक असेल तर लिहा.

लोकांनी कळवलंही. त्या पत्रांवरून त्याने ग्रहणानंतर दुसरा नकाशा काढला, पट्टा सरकवून दुरुस्त केलेला. त्यावरच ११ मे १७२४ च्या पुढच्या खग्रास ग्रहणाचा पट्टाही काढून ठेवला. दोन्ही पट्टे एकमेकांना छेदतात, इंग्लंडवर कुणी फुली मारल्यासारखे.

जुने ग्रहण-नकाशे, पंचांगातली ग्रहणं, स्वतः पाहिलेली ग्रहणं, सगळं चालेल. या.

---

सुपारी_बाग

मस्त धागा! वाचनखूण साठवली. हॅलीच पहिला का असं करणारा?

---

वाळूचं_घड्याळ

नाही. जर्मनीत एर्हार्ड वायगेलने १६५४ च्या ग्रहणाचा नकाशा काढला होता. आणि १७१५ लाच हॅलीला स्पर्धक होता. विल्यम व्हिस्टन, न्यूटननंतर केंब्रिजच्या त्याच खुर्चीवर बसलेला आणि धर्ममतांपायी १७१० ला विद्यापीठातून हाकललेला. पोटापाण्यासाठी तो लंडनच्या कॉफीहाउसांतून व्याख्यानं द्यायचा. ह्या एका ग्रहणावर नकाशे विकून आणि व्याख्यानं देऊन त्याने घरखर्च भागवला. त्याचाही प्रकाशक सेनेक्सच! दोन्ही घोड्यांवर पैसे लावणारा माणूस.

---

तर्कट

एक शंका, राग मानू नका. चार मिनिटं आणि वीस मैल चुकलेल्या नकाशाचं इतकं कौतुक कशाला? आपल्या पंचांगकर्त्यांचं ग्रहण घटकाभर चुकलं की आपण "जुनं गणित, टाकाऊ" म्हणतो. साहेब चुकला की "किती प्रांजळ!"

---

पंचांगी

तर्कट, तुमचा टोमणा अगदी बिनबुडाचा नाही, पण तुलना जरा नीट मांडू या.

आपल्याकडे ग्रहणगणित एका गावासाठी व्हायचं. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ घ्या. 'ग्रहलाघव', शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०. ज्या-कोज्या न वापरता, ४०१६ दिवसांचं चक्र धरून, पाटीवर सुटेल असं गणित. महाराष्ट्रातल्या जोश्यांनी पुढची तीन-चारशे वर्षं त्यावरच पंचांगं केली. त्यात सूर्यग्रहणाला लंबन आणि नती काढावी लागते. लंबन म्हणजे आपण पृथ्वीच्या मध्यावर नसून पाठीवर उभे आहोत, त्यामुळे चंद्र सरकलेला दिसतो तो फरक. नती म्हणजे त्याच फरकाचा उत्तर-दक्षिण भाग. चंद्रग्रहणाला ह्याची गरज पडत नाही, ते जिथून चंद्र दिसतो तिथे सगळीकडे सारखंच. सूर्यग्रहणाचा सगळा घोळ ह्या लंबनात आहे, आणि ते गावागणिक बदलतं.

म्हणजे गाव बदललं की ग्रहण बदलतं, हे आपल्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. चित्रही काढायचे. सूर्यसिद्धांताचा एक अख्खा अध्याय त्यावर आहे, छेद्यकाधिकार. त्यात परिलेख काढायला शिकवलंय : बिंबाचं वर्तुळ, त्यावर दिशा, वलन (बिंबाचा कल) मोजून स्पर्श कुठल्या बाजूने, मोक्ष कुठल्या बाजूने, मध्ये किती ग्रास. पण ते चित्र आकाशाचं, एका अंगणातून दिसणाऱ्या बिंबाचं. जमिनीचं नाही.

"माझ्या गावातून काय दिसेल" ह्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तम यंत्रणा होती. "कुठल्या कुठल्या गावांतून दिसेल" हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण तो यजमानाच्या कामाचा नव्हता. यजमानाला स्पर्श कधी, मोक्ष कधी, आंघोळ कधी, एवढंच हवं. तेच गणित उलटं फिरवून शंभर गावांसाठी केलं असतं तर पट्टा उमटला असता. बीजसंस्कार म्हणजे प्रत्यक्ष वेध घेऊन जुने आकडे सुधारणं ही पद्धतही होती, गणेश दैवज्ञांनी स्वतः तेच केलं. पण तो वेध ज्योतिष्याने घ्यायचा. गावातल्या कुलकर्ण्याला "तू मोज आणि कळव" असं कुणी म्हटलं नाही.

---

तर्कट

हे पटलं. शेवटचं वाक्य विशेष.

---

वाळूचं_घड्याळ

पंचांगी, क्या बात! "प्रश्न उलटा फिरवला" हे मला मूळ धाग्यात लिहायचं होतं, जमलं नव्हतं.

तर्कट, लोकांनी मोजलं म्हणजे कसं तेही ऐका. स्वतः हॅली लंडनला रॉयल सोसायटीच्या घरातून घड्याळ लावून बसला होता, त्याला पूर्ण अंधार ३ मिनिटं २२ सेकंद मिळाला. केंब्रिजला रॉजर कोट्स हा पट्टीचा गणिती होता, पण ऐन वेळी त्याच्याभोवती इतकी गर्दी झाली की त्याची काही मोजणी राहून गेली. (ग्रहणाला नातेवाइकांना गच्चीवर बोलावणाऱ्यांनी नोंद घ्या.) आणि खरी कामाची माहिती आली ती कडेवरच्या साध्या माणसांकडून. पट्ट्याच्या दक्षिणेच्या कडेला केंटमध्ये आणि उत्तरेच्या कडेला यॉर्कशरमध्ये, जिथे सूर्य क्षणभर ताऱ्याएवढा उरला किंवा जेमतेम विझला, तिथल्या लोकांची पत्रं.

मध्यरेषेवरच्या माणसाचं उत्तर फारसं कामाचं नसतं. तो दहा मैल इकडे-तिकडे असता तरी त्याला तेवढाच अंधार दिसता. कडेवरच्या माणसाला मैलभराने फरक पडतो. १९८० च्या आसपास सूर्याचा व्यास गेल्या अडीचशे वर्षांत बदलला का ह्यावर शास्त्रज्ञांत वाद झाला, तेव्हा पुरावा म्हणून बाहेर काढली ती हीच १७१५ ची पत्रं. ज्याने खिडकीतून बघून "आमच्याकडे अगदी थोडक्यात राहिलं" असं लिहिलं असेल, त्याच्या डोक्यातही हे आलं नसेल.

---

चाकरमानी_५०७

आमच्या विजयदुर्गाचा उल्लेख कसा नाही अजून? १८ ऑगस्ट १८६८ ला इंग्रज खगोलज्ञ लॉकयर साहेबाने किल्ल्यावरून ग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला. किल्ल्यावर साहेबाचे ओटे आहेत अजून. लहानपणी आम्ही त्यावर बसून डबा खाल्लाय.

---

मोडकी_दुर्बीण

ओटे खरे, साहेबही खरा, साल चुकलं. :)

१८६८ ला लॉकयर भारतात आलाच नव्हता. त्या ग्रहणाला फ्रान्सचा जान्सेन आणि इंग्रजांचा टेनंट गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणला, त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी निजामाच्या हद्दीत वनपर्तीला, आणि विल्यम हर्शेलचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखिंडीला. होय, पटवर्धनांच्या जमखिंडीला. जान्सेनला सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की ग्रहणाशिवायही दिसतील असं त्याने ताडलं आणि दुसऱ्या दिवशी तसं करून दाखवलं. लॉकयरने २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना, तेच केलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, म्हणून पुढे फ्रेंच सरकारने एकाच पदकावर दोघांची तोंडं छापली. सोडियमशी न जुळणारी जी पिवळी रेषा, तिच्यावरून लॉकयरने हेलियम नाव दिलं. पृथ्वीवर तो वायू रॅमसेला सापडला १८९५ ला.

लॉकयर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ओटे त्या वेळचे. १८६८ चा पट्टाही दक्षिण कोकणावरूनच गेला होता, त्यामुळे दोन ग्रहणांची सरमिसळ झाली.

---

चाकरमानी_५०७

आईशप्पथ. म्हणजे आम्ही दर १८ ऑगस्टला चुकीच्या ग्रहणाचा वाढदिवस करतो?

---

मोडकी_दुर्बीण

ग्रहण बरोबर, हेलियमही बरोबर, फक्त गाव आंध्रातलं. :) पण १८९८ ची गोष्टही काही कमी नाही, उलट धाग्याच्या विषयाला जास्त धरून आहे.

कुठल्याही भारताच्या नकाशावर १८९८ चा पट्टा काढा. विजयदुर्ग-रत्नागिरीच्या बाजूने शिरतो आणि ईशान्येला बिहारकडे जातो. आता त्यावर तेव्हाची रेल्वे काढा. पट्टा आणि रूळ जिथे जिथे एकमेकांना छेदतात, तिथे तिथे तंबू पडले होते! मुंबई-रायचूर लाइन छेदते ते जेऊर, करमाळा तालुक्यातलं. नागपूर लाइनवर वऱ्हाडातलं तळणी आणि पुढे पुलगाव. मग शहडोल. गंगेकाठी बक्सर. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल आला होता, तळणीला ग्रिनिचचे मॉन्डर नवरा-बायको. अ‍ॅनी मॉन्डरने तळणीहून काढलेल्या फोटोत प्रभामंडळाचा (खग्रासात सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजाचा) एक लांबलचक झोत आलाय. विजयदुर्गाला रेल्वे नव्हती, म्हणून लॉकयर समुद्रमार्गे, आरमाराच्या जहाजावरचे खलाशी मदतीला घेऊन.

ह्या सगळ्यांच्या पेट्या इंग्लंड-अमेरिकेतून काही महिने आधी निघाल्या होत्या. कुठल्या स्टेशनवर उतरायचं हे कागदावरच्या पट्ट्याने ठरवलं. दोन मिनिटांच्या अंधारासाठी.

---

पंचांगी

आणि जेऊरला आपला माणूस होता हे विसरू नका. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभी केली होती. १९१२ ला ती बंद झाली, उपकरणं कोडाईकनालला गेली. पुणे-मुंबईत तेव्हा प्लेगने हाहाकार होता. तशात हा माणूस लोखंडी सामान मालगाडीत घालून माळरानावर जाऊन बसला. आज कॉलेजच्या गेटवरून रोज हजारो लोक जातात, नाव कुणाला माहीत नाही.

---

सुपारी_बाग

जेऊरवरून किती वेळा गेलेय सोलापूरच्या गाडीने. आता खिडकीतून बघीन.

---

अनघा_टेक्सास

डॅलसहून लिहितेय. ८ एप्रिल २०२४ ला आमच्याकडे खग्रास होतं. पट्टा एखाद्या शहराच्या दारावरून गेला की काय होतं ते सांगते.

शेजाऱ्यांच्या ग्रुपवर दोन महिने एकच विषय : तुमचं घर "आत" की "बाहेर". नकाशावर घर शोधायचं, बोटांनी मोठं करायचं, सेकंद बघायचे. आमच्या घरी मिळत होते त्याहून जास्त हवेत म्हणून आम्ही पहाटे दक्षिणेकडे निघालो, मध्यरेषेच्या जवळ. ह्यूस्टनच्या नणंदबाईंना किती वेळा सांगितलं, वन्सं, गाडी काढा, चार तासांवर तर आहे. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे चौऱ्याण्णव टक्के दिसणार आहे गं, सहा टक्क्यांसाठी कोण एवढं करतंय?" मग संध्याकाळी मला फोन : "तुमच्याकडे खरंच तारे दिसले? आमच्याकडे नुसतं ढगाळ वाटलं." चौऱ्याण्णव मार्क पडले आणि नापास. त्या वाक्यावर अजून चिडतात.

सकाळपासून ढग होते. ऐन वेळी फाटले. बाकी लिहीत नाही, ज्याने पाहिलंय त्याला कळेल.

पण नकाशाबद्दल एक. मला वाटायचं आता सगळं सेकंदापर्यंत पक्कं आहे. तर नाही! ग्रहणाच्या थोडं आधी बातम्या आल्या की नव्या हिशोबाने पट्टा कडेला काहीशे यार्डांनी आत सरकतो. गोंधळ कशाचा, तर सूर्याचा व्यास नक्की किती धरायचा ह्याचा. म्हणजे हॅलीचे लोक जे मोजत होते तेच. शिवाय नासाच्या नव्या नकाशात छाया गोल-लांबट नव्हतीच, कडा खडबडीत, बटाटा सोलल्यासारख्या. चंद्राच्या कडेवरचे डोंगर आणि दऱ्या धरून काढलेली. डोंगराआड सूर्य लवकर जातो, दरीतून उशिरापर्यंत झिरपतो.

---

वाळूचं_घड्याळ

अनघाताई, बटाटा भारी!

हे कडेचं प्रकरण अमेरिकेने एकदा फार छान हाताळलं होतं. २४ जानेवारी १९२५, न्यूयॉर्क. पट्ट्याची दक्षिण कड मॅनहॅटनवरूनच जाणार होती, पण नक्की कुठून ते गणिताला सांगता येईना. मग तिथल्या वीज कंपनीने आपली माणसं रिव्हरसाइड ड्राइव्हच्या कडेने गच्च्यांवर उभी केली, चौकाचौकाला माणूस. काम एकच : शेवटचा सूर्यबिंदू पूर्ण विझला की नाही, हो का नाही. उत्तरं लावली तर कड पडली ९५ आणि ९६ व्या रस्त्याच्या मध्ये! एका गच्चीवर नाही, पलीकडच्या गच्चीवर हो.

---

मोडकी_दुर्बीण

आणि अमेरिकेचंच उलटं उदाहरण, १७८०. स्वातंत्र्ययुद्ध चालू, हार्वर्डचे प्राध्यापक सॅम्युएल विल्यम्स विद्यार्थ्यांना घेऊन पेनॉब्स्कॉट बे ला निघाले. तो भाग इंग्रज सैन्याच्या ताब्यात. ग्रहणासाठी शत्रूकडे परवानगी मागितली, अटी घालून मिळाली. सामान लावून बसले. सूर्य बारीक बारीक होत गेला, अगदी केसाएवढी कोर उरली... आणि परत वाढायला लागली. पट्ट्याच्या बाहेर बसले होते, जरासे. चूक गणितात होती की नकाशातल्या अक्षांशात, ह्यावर अजून भांडतात. पण त्या केसाएवढ्या कोरीचे तुटून झालेले ठिपके विल्यम्सने टिपून ठेवले. पुढे १८३६ ला फ्रान्सिस बेलीने तेच वर्णन केलं आणि बेलीचे मणी म्हणून प्रसिद्ध झाले. बरोबर जागी बसले असते तर विल्यम्सचं लक्ष प्रभामंडळाकडे गेलं असतं.

---

रिकामा_कॅनव्हास

बायकांपैकी कुणी नव्हतं का ह्या नकाशांत? अ‍ॅनी मॉन्डर सोडून.

---

वाळूचं_घड्याळ

होती की. निकोल-रेन लपोत, पॅरिसची. १ एप्रिल १७६४ च्या कंकणाकृती ग्रहणाचा सगळ्या युरोपचा नकाशा तिने दोन वर्षं आधी काढला, दर पाव तासाला छाया कुठे असेल ते दाखवून. त्याआधी हॅलीच्या धूमकेतूच्या परतीचं गणितही फ्रेंच गणिती क्लेरो आणि खगोलज्ञ लालांद ह्यांच्याबरोबर तिने महिनोन्‌महिने केलं होतं. क्लेरोने छापताना तिचं श्रेय पुसलं.

---

तर्कट

परत शंका. आज संगणकावर हजारो वर्षांचे पट्टे मिळतात. ते तरी बरोबर कशावरून? इ. स. पूर्व काळात कोण गेलंय बघायला?

---

पंचांगी

ह्यात दोन भाग आहेत. एक, पद्धत. १८२० च्या दशकात जर्मन खगोलज्ञ बेसेलने पृथ्वी सोडून छायेलाच मध्य धरलं : छायेच्या अक्षाला काटकोनात एक पाटी कल्पायची आणि त्या पाटीवर छाया आणि पृथ्वी कशा सरकतात ते थोड्या आकड्यांत मांडायचं. आजही तेच करतात. ऑस्ट्रियाच्या ऑपोल्झरने मदतनीस बसवून हाताने आठ हजार सूर्यग्रहणं आणि बावन्नशे चंद्रग्रहणं काढली, इ. स. पूर्व १२०८ पासून इ. स. २१६१ पर्यंत. १८८७ ला ग्रंथ छापून आला तेव्हा तो वारला होता. पण नकाशे काढताना त्याने प्रत्येक पट्ट्याचे तीनच बिंदू घेतले, सूर्योदयाचा, मध्यान्हीचा, सूर्यास्ताचा, आणि त्यातून कंपासने कमान मारली. मधल्या भागात ती कमान शेकडो किलोमीटर हुकते. इतिहासाच्या पुस्तकांत "अमुक लढाईच्या वेळी इथे खग्रास होतं" असं वाचलंत आणि आधार ऑपोल्झरच्या नकाशाचा असेल, तर मिठाची चिमूट जवळ ठेवा.

दुसरा भाग जास्त अवघड. पृथ्वी हळूहळू मंदावतेय. फिरण्याचं घड्याळ चार मिनिटं मागे-पुढे झालं की पट्टा एक अंश रेखांश सरकतो. बाबिलोनच्या मातीच्या विटांवर इ. स. पूर्व १३६ च्या १५ एप्रिलच्या खग्रासाची नोंद आहे, ग्रह दिसले, तारे दिसले असं लिहिलेली. पृथ्वी आजच्याच वेगाने फिरत आली असं धरून पट्टा काढला तर तो बाबिलोनच्या पश्चिमेला जवळजवळ ४९ अंशांवर पडतो. म्हणजे मधल्या काळात पृथ्वीचं घड्याळ सव्वातीन तासांनी सरकलंय. तर्कट, "बघायला कोण गेलंय" ह्याचं उत्तर हेच : जे होते त्यांनी विटेवर लिहून ठेवलं. आजचे जुन्या काळाचे पट्टे त्या नोंदींना टेकूनच उभे आहेत.

---

तर्कट

हम्म. सव्वातीन तास. झोप उडवलीत.

---

भुईमुगाची_शेंग

गणित डोक्यावरून गेलं, पण आठवण सांगते. १६ फेब्रुवारी १९८०. मी सातवीत, गिरगावात. शाळेला सुट्टी, खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पाण्याच्या हंड्यावर तुळशीची पानं. आजी दर दहा मिनिटांनी "डोकावू नका गं" म्हणायची.

आणि माझा धाकटा काका आदल्या रात्री पिशवी घेऊन रायचूरला निघून गेला होता. वर्तमानपत्रात आलेला नकाशा कापून शर्टाच्या खिशात. कारवारकडून शिरून रायचूरवरून ओरिसापर्यंत दोन रेघा. आजीने विचारलं होतं, "इथे गच्चीवरून बघ ना मेल्या, एवढा खर्च करून जायचं कशाला?" त्याने तिला नकाशा दाखवला. "आई, ह्या दोन रेघांच्या मध्ये जायचंय." आजी म्हणाली, "रेघांच्या मध्ये काय ठेवलंय?"

परत आला तो दोन दिवस गप्पच. मग आजीला एकटीलाच गच्चीवर नेऊन काहीतरी सांगत बसला होता. आम्हाला कुणालाच कळलं नाही काय सांगितलं. ते कात्रण नंतर बरीच वर्षं आजीच्या पोथीत होतं.

---

चाकरमानी_५०७

हे वाचून काय लिहावं सुचेना.

बरं, आपल्याकडे परत कधी?

---

मोडकी_दुर्बीण

भारतात पुढचं खग्रास २० मार्च २०३४, पण वर काश्मीर-लडाखला. त्याआधी २१ मे २०३१ ला केरळ-तामिळनाडूत कंकणाकृती. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तच्या लक्सरला सहा मिनिटांहून जास्त अंधार आहे. मुंबईला त्या दिवशी संध्याकाळी थोडंसं खंडग्रास, तेही ऑगस्टच्या ढगांतून. २००९ च्या जुलैत सुरतेला गेलो होतो, त्या पावसाचं नाव काढू नका.

---

अनघा_टेक्सास

लक्सरचं बुकिंग मी केलंय. नणंदबाईंनी स्वतःहून फोन करून विचारलं, हॉटेल "रेघांच्या आत" आहे ना.

---

वाळूचं_घड्याळ

सगळ्यांचे आभार. भुईमुगाची शेंग, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला.

आज फ्रेम घरी आली. शाई जशीच्या तशी ठेवलीय, पण "काका, खालचं बारीक अक्षर कुणी वाचत नाही" म्हणून फ्रेमवाल्याने खालची पट्टी माउंटखाली दाबून टाकली. म्हणजे हॅलीची ती टीपच गायब. उद्या सकाळी परत घेऊन जातोय.

---

तर्कट

बरोबर भिंगही न्या. त्याला वाचायला लावा.